कळशीतलं पाणी

आमची विहीर आमच्या घराच्या आधीची आहे. पणजोबांनी आधी पाणी शोधलं, मग त्याच्या कडेची जमीन नांगरली, आणि जमीन पिकायला लागल्यावर तिथंच घर बांधलं. आता जमीन नाही. तिच्यावर निळ्या काचांची आयटीची बिल्डिंग आहे, आणि तिच्या पलीकडं आकाशवेल नावाची सोसायटी. गाव कागदावर पुणे शहर झालं, पण महापालिकेचा नळ काही वेशीच्या आत आला नाही. उरलेल्या तुकड्यावर पप्पांनी विहिरीला लागून पत्र्याच्या खोल्यांची रांग काढली आणि भाडेकरू ठेवले. तेव्हापासून आम्हाला शेतकरी म्हणायचं का घरमालक, ते कुणालाच ठरवता येत नाही. आजीला विचारलं तर ती सांगते, "आम्ही विहीरवाले."

तिचं खरंच आहे. सोसायटीला पाणी आमचं. जयसिंगचा टँकर सकाळी विहिरीपाशी लागतो, मोटर सुरू होते, पाइप अजगरासारखा फुगतो. खोल्यांतल्या बायका दोर-पोहऱ्यानं शेंदतात, कारण मोटरीचं पाणी टँकरचं. आणि आमच्या घरचं पिण्याचं पाणी आजीच्या कायद्याचं. दिवेलागणीला शेंदायचं, दुहेरी फडक्यानं गाळायचं, तांब्याच्या कळशीत भरायचं, आणि रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी प्यायचं. शिळं झाल्याबिगर पाणी गोड लागत नाही, असं तिचं म्हणणं. कळशी घासायचं काम माझं. चिंच आणि राख. रोज. नववीतल्या किती मुलींचे हात चिंचेनं काळे असतात ते मला वर्गात मोजावंसं वाटायचं. पण कळशी उजळली, की तिच्यात आपलं तोंड नाकासकट लांबडं दिसतं, ते मला फार आवडायचं.

शेवटच्या खोलीत यमुनाबाई राहायची. यवतमाळकडची. नवरा ज्ञानदेव बिगारी, ती सोसायटीत धुणीभांडी करायची, आणि अपेक्षा नावाची पाच वर्षांची मुलगी. अपेक्षा माझ्या मागं मागं असायची. मी अभ्यास करताना माझी पट्टी घेऊन कोंबड्यांना शिकवायची. महाशिवरात्रीच्या सुमाराला तिला पुन्हा जुलाब आणि ताप सुरू झाला. डिसेंबरपासून तिसऱ्यांदा. पोट आत गेलेलं, पाय दोरीसारखे, आणि खोलीत पत्र्याखाली असा उकाडा, की आत पाऊल टाकलं तर डोळ्यांवर भाकरीची वाफ आल्यासारखं वाटे. यमुनाबाई तिला ओल्या लुगड्यात गुंडाळून बाहेर भिंतीच्या सावलीत ठेवायची आणि सावली सरकेल तशी तिला सरकवायची.

"डॉक्टर म्हनते पानी तपासा," ती एकदा विहिरीवर म्हणाली. हळूच. जणू पोहऱ्यालाच सांगत होती.

आजीनं ऐकलं. आजीला कमी ऐकू येतं ते फक्त आईनं बोलावल्यावर.

"कुनाचं पानी?"

"तसं नाही जी."

"मग कसं? याच पान्यावर माजी सात बाळंतपणं झाली. ह्या संशीला बग, कशी म्हशीवानी हाय."

माझी उपमा मला आवडली नाही, पण मी खरंच कधी आजारी पडत नव्हते. आमच्या घरात कुणीच पडत नव्हतं.

"प्लास्टिकच्या पिपात पानी ठेवत्यात," आजी आईला म्हणाली, यमुनाबाई तिथंच असताना. "त्यातच तांब्या बुचकाळायचा, त्यातच हात. मग इहिरीचं नाव."

यमुनाबाईनं पोहरा वर घेतला, दोर गुंडाळला आणि गेली. पीप घासलं तिनं. मी पाहिलं. दुपारभर विटेच्या भुकटीनं आतून घासत होती, अर्धी त्या पिपात शिरून.

सोसायटीतून ती अपेक्षासाठी एक बाटली फिल्टरचं पाणी आणायची. एक दिवस रिकाम्या हातानं आली. आईनं विचारलं तर म्हणाली, "मॅडम म्हनल्या, एखाद्या दिवशी ठीक, रोज नको. सवय लागते."

सोसायटीचे पाण्याचं बघणारे अभिनव सर त्याच आठवड्यात आले. आयटीवाले. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, बूट धुळीत पडू नयेत म्हणून दगडावरून दगडावर. त्यांनी बॅगेतून एक छोटी बाटली काढली, झाकणावर कागद बांधलेली.

"काका, प्रॉब्लेम काही नाहीये. घरोघरी फिल्टर आहेतच आमच्याकडे. फक्त कमिटीला रिपोर्ट हवाय. यात विहिरीचं पाणी भरायचं, उद्या सकाळी ऑफिसला जाताना मी घेऊन जाईन. शिवाजीनगरला लॅब आहे. फिट आलं, की वर्षभराचं काँट्रॅक्ट तुमच्याशी."

पप्पांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. वर्षभराचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं ते बाटलीला कुंकू लावतात.

तेवढ्यात यमुनाबाई. भांडी घासून परत आलेली, हात अजून पांढरे पडलेले. "साहेब, चांगलं तपासजा. माही पोट्टी तिसऱ्यांदा पडली. डॉक्टर पान्यावर बोट ठेवते."

अभिनव सर "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि पप्पांकडं बघितलं. पप्पा हसले. "त्यांचं बाहेरचं खानं असतंय, सर. वडापाव-बिडापाव." यमुनाबाईच्या घरात वडापाव आलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

सर गेल्यावर पप्पांनी बाटली आजीच्या हाती दिली. आजीला राग आला होता. विहिरीची परीक्षा, तीही भाडेकरणीच्या तक्रारीनंतर. म्हणाली, "म्याच भरनार."

आणि भरली. मी सगळं बघत होते, म्हणून सांगते, तिच्या मनात तेव्हा रतीभरही कपट नव्हतं. सकाळी खोल्यांचे पोहरे पडतात, पाणी उष्टं होतं, म्हणून तिनं दिवेलागणीलाच पाणी शेंदलं. परीक्षेला जाणारं पाणी रबराच्या पोहऱ्यात कसं राहील, म्हणून ते कळशीत ओतलं. विहिरीच्या कठड्यात साती आसरा आहेत, शेंदराचे सात खडे. त्यांच्यापुढं कळशी ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, वर धुतलेलं फडकं झाकलं, आणि रात्रभर तिथंच राहू दिली. लग्नाच्या मुलीला आदल्या दिवशी हळद लावतात, तसं. सकाळी कळशीतलं पाणी बाटलीत ओतलं आणि झाकण लावून डोळ्यांना लावलं.

रिपोर्ट आला. पिण्यास योग्य.

पप्पांनी पेढे आणले. आजीनं तो कागद आसरांपुढं ठेवला, वर खडा ठेवला उडू नये म्हणून, आणि यमुनाबाईला हाक मारली. सगळ्या खोल्यांतून बायका बाहेर आल्या, कारण आजीची ती हाक वेगळी होती.

"वाच गं संशे."

मी वाचलं. ठणठणीत आवाजात वाचलं. मला वाचायला आवडतं.

"आईकलंस? आता सांग, खोट कुनात हाय?"

यमुनाबाईनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"आसरांवर आळ घेतलास तू. इहिरीत त्या राहत्यात. कोपल्या तर पोरीचंच वाईट हुईल. खण-नारळ आन, वटी भर, आन कठड्याला नाक घास."

"आत्या, जाऊ द्या," आई म्हणाली.

"तू मधी बोलू नगं."

ज्ञानदेव दारात उभा होता, तंबाखू मळत. मळलेली तंबाखू त्यानं तोंडात टाकली नाही, नुसती हातात धरून राहिला. यमुनाबाई कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ घेऊन आली. खण तिच्या लग्नातला होता, घडीवर पिवळा पडलेला. तिनं ओटी भरली, वाकली, आणि सिमेंटच्या खरखरीत कठड्याला नाक घासलं. उठली तेव्हा नाकाच्या शेंड्याची साल निघालेली. तिनं पदरानं ते टिपलं नाही. तशीच दुपारच्या भांड्यांना गेली.

जयसिंग टँकरच्या टपावर बसून बघत होता. म्हणाला, "म्हातारे, कोर्टात बसवली पायजे तुला." त्याला ते कौतुक वाटलं असावं. आजीलाही वाटलं.

आमच्या शाळेत, वारज्याला, विज्ञानाच्या बाई नवीन आहेत आणि त्यांना दम निघत नाही. फळ्यावर काढून भागणारं त्या प्रत्यक्ष करायला लावतात. त्यांनी प्रत्येकीला एक चिमुकली बाटली दिली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. घरचं पाणी भरून आणायचं, बाटली उबेत ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैल्यातले जंतू आहेत. इतकं सोपं. मी बाटलीत कळशीतलं पाणी भरून नेलं. वर्गातल्या किती जणींच्या बाटल्या डांबरासारख्या झाल्या. बोअरवाल्यांच्या, टँकरवाल्यांच्या, एका बंगलेवालीचीसुद्धा. माझी स्वच्छ. मधल्या सुट्टीत ती गळ्यात घालून फिरायचं तेवढं मी बाकी ठेवलं.

आणि घरी आले तर अपेक्षा पुन्हा पडलेली. चौथ्यांदा. या वेळी ती कोंबड्यांकडंही बघत नव्हती. तिचा हात हातात घेतला तर पक्ष्याच्या पायासारखा लागला, गरम आणि हलका.

बाईंकडून मी आणखी बाटल्या मागून घेतल्या. यमुनाबाईच्या पिपातलं पाणी भरलं. काळं झालं. आजी म्हणाली, "म्या काय सांगत हुते? पीप." मग मी नवा दोर, उकळत्या पाण्यानं धुतलेला पोहरा, असं करून थेट विहिरीतलं पाणी भरलं. वर्गाच्या कपाटात दुसऱ्या दिवशी बाई आणि मी बाटली उजेडात धरली. पिपातल्यापेक्षा काळी.

"पण बाई, पहिली बाटली पण याच विहिरीची आहे."

"पहिली कशातून भरलीस?"

मी सांगितलं. बाई थोडा वेळ माझ्या हातांकडं बघत राहिल्या, चिंचेनं काळ्या पडलेल्या. मग म्हणाल्या, "तांब्यात रात्रभर पाणी राहिलं, की पुष्कळसे जंतू मरतात. सगळे नाही. आणि त्यानं विहीर काही स्वच्छ होत नाही. विहिरीच्या जवळ संडासाचा खड्डा आहे का?"

होता. खोल्यांचे दोन संडास आणि त्यांचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावरसुद्धा नाही, नुसतं कुजबुजलं तरी ऐकू जाईल एवढ्यावर. खालच्या अंगाला खड्डा घेतला असता तर पप्पांच्या मनातल्या पुढच्या खोल्यांना जागा राहिली नसती.

मी घरी पळत आले. खरंच पळत. बसची वाट पाहिली नाही. मला वाटत होतं, केवढं मोठं सापडलंय आपल्याला. आम्ही का आजारी पडत नाही, अपेक्षा का पडते, आजी कशी फसली, लॅब कशी फसली, सगळं एका कळशीत. जेवायला बसल्यावर मी एका दमात सांगितलं, भात चिवडत, हात नाचवत. आई जेवायची थांबली. आजी म्हणाली, "म्हंजी माजी कळशीच खरी देवी म्हन की," आणि तिला त्यात काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

"मग यमुनाबाईला एक कळशी देऊया," मी म्हटलं. "आणि खड्डा हलवूया."

"आपली कळशी?" आजी म्हणाली. "त्येंनी हात लावायचा? मग म्या पानी कशातनं पिऊ?"

पप्पा ताकाचा पेला तोंडाशी धरून विचार करत होते. मग त्यांनी विचारलं, शांतपणे, जसं बियाणाबद्दल विचारावं.

"म्हंजी कळशीतलं दिलं, की पास हुतंय?"

"हो, पण..."

"दर टायमाला?"

"पप्पा, ते तसं नाही. ते खोटं आहे."

"लॅबवाल्याचा कागद खोटा आसतोय व्हय? शिक्का हाय त्येच्यावर." त्यांनी ताक संपवलं. माझ्या पाठीवर थाप मारली. "हुशार हाय पोरगी. उगाच न्हाय शाळंला घालत."

गुढीपाडव्याच्या आधी अभिनव सर पुन्हा आले. विहीर तळाला गेली होती, मोटर मध्येच हवा ओढून खोकायची. उन्हाळ्यात पाणी बदलतं म्हणून कमिटीला पुन्हा रिपोर्ट हवा होता. त्यांनी बाटली दिली आणि गेले. संध्याकाळी पप्पांनी स्वतः पाणी शेंदलं. आजीनं आसरांपुढं हळदीकुंकू केलंच, पण या वेळी पप्पा फडक्याच्या चार कोपऱ्यांना खडे ठेवत होते. मला म्हणाले, "कळशी नीट घास. डाग नगं."

मी घासली. हात आपोआप घासतात. आणि घासताना मला यमुनाबाईच्या नाकाची साल दिसत होती.

सकाळी सर गाडीवरून उतरले, हेल्मेट न काढताच. पप्पांनी भरलेली बाटली पुढं केली. टँकर भरत होता, जयसिंग पाइप धरून उभा, खोल्यांच्या बायका रांगेत. यमुनाबाई अपेक्षाला कडेवर घेऊन सगळ्यात मागं.

"सर," मी म्हटलं, "ते कळशीतलं आहे. रात्रभर तांब्यात ठेवलेलं. विहिरीतलं घ्या."

आवाज माझाच होता आणि चांगला मोठा होता.

"संशे, आत हो," पप्पा म्हणाले.

"मागच्या वेळी पण कळशीतलंच होतं, सर. तांब्यात जंतू मरतात. माझ्या शाळेच्या बाटलीत विहिरीचं पाणी काळं झालंय."

अभिनव सरांनी आता हेल्मेट काढलं. ते पप्पांकडं बघेनात, मला बघून हसेनात. नुसते अवघडले. मग म्हणाले, "काका, माझ्याकडे एक एक्स्ट्रा बाटली आहे. फॉर्मॅलिटी म्हणून." पोहरा त्यांनीच सोडला. त्यांना जमेना, दोर कप्पीवरून घसरत होता. शेवटी ज्ञानदेवनं पुढं होऊन शेंदून दिलं. मोटरीचा आवाज तेवढा.

सर गेल्यावर पप्पांनी माझ्यावर हात उगारला नाही. मी वाट बघत होते, गाल घट्ट करून. ते कठड्यावर बसले आणि जयसिंगला म्हणाले, "घरातच साप पाळला म्हना." जयसिंग म्हणाला, "शिकवा आनखी."

आईनं मात्र स्वयंपाकघरात माझ्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तिथंच हात ठेवून उभी राहिली.

रिपोर्ट अयोग्य आला. सोसायटीनं टँकर थांबवला. मोटर बंद, आणि विहिरीवर इतकी शांतता, की पारव्यांचे पंख ऐकू यायचे. अभिनव सरांनी फोनवर सांगितलं, की घाणीचं कारण काढा, पुन्हा तपासू, मग बघू. पप्पांनी फोन ठेवला आणि खोल्यांच्या रांगेवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती शेवटच्या खोलीवर थांबली. मला वाटलं ते खड्ड्याकडं बघतायत. खड्डा त्याच खोलीमागं आहे.

संध्याकाळी त्यांनी ज्ञानदेवला बोलावलं. त्याला बसायला सांगितलं नाही.

"खोली खाली करायची. सोसायटीवाल्यांनी सांगितलंय, घान करनारी मानसं काढा."

"आमी काय घान केली, मालक?"

"पोरगी तुजी कायम हगवणीची. कुटं कुटं बसवता तिला, आमाला दिसत न्हाय व्हय? समदं मुरतंय इहिरीत."

ज्ञानदेव टोपीची कड चाचपत राहिला. "ते पानी पिऊनच तं तिले होते, मालक."

"मग चांगलंच की. दुसरीकडं जा, बरी हुईल."

मी ओसरीवर आले. "पप्पा, सरांनी माणसं काढा म्हटलं नव्हतं. कारण काढा म्हटलं होतं. कारण खड्डा आहे. आणि खड्डा आपण खणलाय."

पप्पांनी माझ्याकडं मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"खड्डा आपुन खनला. भरला कुनी?"

खोल्यांच्या दारांत उभ्या बायकांतली एक हसली. दुसरी म्हणाली, "खरंच, त्यांची पोरगी लई आजारी असायची." त्याही त्याच संडासात जायच्या. पण त्यांना खोली सोडायची नव्हती. मग दुसऱ्या दिवसापासून सगळ्याच यमुनाबाईपासून पोहरा जरा लांब टाकायला लागल्या.

ती तिघं गेली तेव्हा ऊन चढलेलं होतं. सामान ते किती, एका हातगाडीवर मावलं. पीप, स्टोव्ह, गाठोडं, आणि वरती अपेक्षा, हातात माझी पट्टी. मी ती मागितली नाही. यमुनाबाईनं आईला नमस्कार केला, आजीलाही केला. माझ्याकडं बघून म्हणाली, "तू चांगलंच कराले गेली होती, बाई." मला ते शिवीपेक्षा लागलं.

आजीनं नंतर त्या जागी गोमूत्र शिंपडलं. पप्पांनी खोलीला चुना दिला. आठवड्यात नवे भाडेकरू आले, त्यांना जुळी मुलं. खड्डा तिथंच.

आणि एका सकाळी मोटर परत सुरू झाली. मी दात घासत बाहेर आले तर जयसिंग पाइप टँकरच्या तोंडात घालत होता.

"सोसायटीनं घेतलं परत?"

"सोसायटी कशाला? साइटवर चाललंय. बांधकामाला." तो हसला. "सिमेंटाला काय जुलाब हुत न्हाईत."

पप्पांना हे फार आवडलं. ते दिवसभर ज्याला त्याला सांगत होते. मला पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बांधकामाला तर बांधकामाला. निदान कुणी पिणार नाही.

वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपरानंतर आम्ही मैत्रिणी चालत घरी निघालो. पेपर भूमितीचा, मला सोपा गेलेला, आणि येताना मी इतकी बडबडत होते, की दोघी पुढं निघून गेल्या. वारज्याच्या नव्या रस्त्याला एक अर्धी बिल्डिंग उभी राहिलीय, नुसते खांब आणि स्लॅब, हिरवी जाळी लावलेली. तिच्या पायथ्याला पत्र्याच्या शेडची रांग. रस्त्याकडेला जयसिंगचा टँकर उभा होता. मागच्या तोटीतून पाणी सिमेंटच्या हौदात पडत होतं. हौदाभोवती बायका होत्या. पिपं, डबे, रंगाच्या बादल्या.

त्यांतली तिसरी यमुनाबाई होती.

ज्ञानदेवला तिथं वॉचमनचं काम मिळालेलं. शेड कामाबरोबर फुकट. अपेक्षा वाळूच्या ढिगावर बसली होती. तिचं पोट थोडं भरलेलं दिसलं, किंवा मला तसं बघायचं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "हे पाणी प्यायला घेताय?"

"तं काय आंघोळीले निराळं, प्याले निराळं? हे एकच येते. दोन दिसांनी." तिनं हौदात डबा बुडवला, पिपात ओतला. बुडवला, ओतला.

"हे आमच्या विहिरीचं आहे."

डबा हौदात तसाच राहिला, काठोकाठ. तिनं टँकरकडं पाहिलं, मग जयसिंगकडं. तो सावलीत बिडी ओढत होता. मागच्या बाईनं तिला कोपर लावलं, "भर ना वो, लाइन हाय मागं."

यमुनाबाईनं डबा उचलला आणि पिपात ओतला.

"उकळून तरी घ्या."

"काय जाळून? स्टोव्हले रॉकेल भेटत नाही. इथं लाकडाची फळी उचलली तरी मुकादम चोरी म्हनते."

"मी मुकादमाला सांगते. मी इथल्या साहेबांना सांगते. माझ्याकडे शाळेची बाटली आहे, सगळ्यांना दिसेल, काळी..."

तिनं माझं मनगट धरलं. ओला हात, हाडांचा, आणि पकड अशी, की मला सोडवता आली नसती. तिच्या नाकावर गुलाबी डाग होता, नवी कातडी आलेली.

"कोनालेच नको सांगू," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तवा सांगतलं तं खोली गेली. आता सांगशीन तं हा टँकर जाईन. मग मी पोट्टीले काय पाजू?"

तिनं मनगट सोडलं आणि उरलेलं पीप भरलं. काठोकाठ भरल्यावर तिनं ते हलवून पाहिलं. एकटीला उचलण्यासारखं नव्हतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. ज्ञानदेव फाटकावर होता.

मी दप्तर पाठीवर सरकवलं आणि पिपाची दुसरी कड धरली. पाणी हिंदकळून माझ्या युनिफॉर्मवर सांडलं, गार. आम्ही ते शेडपर्यंत नेलं, पावलाला पाऊल मिळवत. अपेक्षा पेला घेऊन आमच्या मागं पळत होती.